लाल पेन्सिलीखालचा माज

कोल्हापूर
कार्तिक शुद्ध पंचमी

चि. हर्षदा हिस,


परवा रात्री फोनवर तू हसत हसत सांगत होतीस, पण त्या हसण्याखाली काहीतरी खुपतंय हे मला कळलं. दवाखान्यात सात जनावरं नंबरात उभी होती. गावातले एक वजनदार गृहस्थ आपली गाय आधी घ्यायला सांगत होते. तू म्हणालीस, ‘नंबरानं घेऊ.’ त्यावर ते बाकीच्यांकडे वळून म्हणाले, ‘डॉक्टरीणबाईस्नी लई माज आलाय.’ उभी असलेली दहा-बारा माणसं गालात हसली. तू काही बोलली नाहीस. हातमोजा चढवलास, पुढची म्हैस तपासलीस आणि वहीत लिहिलंस, ‘माजावर आहे.’

‘आत्या,’ तू मला विचारलंस, ‘एकाच मिनिटात एकानं मला तो शब्द शिवी म्हणून दिला आणि मी तोच म्हशीच्या नावापुढे आनंदानं लिहिला. हा शब्द आहे तरी कुठला? चौतीस वर्षं संस्कृत शिकवलंस ना, सांग.’

सांगते. पण पत्रानं सांगते, आणि उघड्या पत्रानं. एक तर तो शब्द तुला एकटीला कधीच ऐकावा लागलेला नाही. दुसरं म्हणजे या शब्दाशी माझा एक जुना गुन्हा जोडलेला आहे आणि त्याची कबुली बंद पाकिटात घालून मी सुटणार नाही.

गेल्या दिवाळीत तुझ्याबरोबर राधानगरीकडच्या त्या गोठ्यात पहाटे आले होते, आठवतंय? म्हातारी तक्रार करत होती, म्हस गाभण राहत नाही, माजच करत नाही. तू विचारत होतीस, रात्री ओरडते का, एखाद्या दिवशी धार कमी देते का, चारा टाकते का. म्हातारी प्रत्येक प्रश्नाला मान हलवून म्हणत होती, ‘न्हाई बाई, गुमान असती.’ मग तू बॅटरीच्या उजेडात शेपूट उचललंस. शेपटाच्या केसांना काचेच्या तारेसारखी स्रावाची एक सोट चिकटलेली होती, अर्धी वाळलेली. ‘ही बघा आजी,’ तू म्हणालीस, ‘माज आहे. मुका माज आहे.’ म्हातारी त्या तारेकडे अशी बघत राहिली, जणू तिच्याच घरात कुणीतरी वर्षभर राहून गेलं आणि तिला पत्ताच नव्हता.

परत येताना गाडीवर तू मला शिकवलंस. म्हशींत मुका माज फार. बाहेरून काही दिसत नाही, आत सगळं वेळेवर चाललेलं असतं. बघणाऱ्याचं लक्ष नसलं की वेळ टळते, मग पुन्हा एकवीस दिवस वाट बघायची. आणि उपाशी, अशक्त जनावर माजावर येतच नाही. पोटाला नीट मिळालं, क्षारमिश्रण मिळालं की माज आपोआप दिसू लागतो. हे शेवटचं वाक्य मी त्या दिवशी नुसतं ऐकलं होतं. आता त्याचाच आधार घेऊन हे पत्र लिहिते आहे.

तर शब्द. पाणिनीय परंपरेच्या धातुपाठात ‘मद्’ हा धातू आहे आणि त्याचा अर्थ तिथे एकाच शब्दात दिला आहे: हर्ष. नशा नाही, गर्व नाही, वासना नाही. तुझ्या नावातला हर्ष. ऋग्वेदात मद म्हणजे सोमरस प्यायल्यावर इंद्राला चढणारा उल्हास. त्या भरात तो वृत्राला मारतो आणि अडलेलं पाणी मोकळं करतो. ऋग्वेदाचं सबंध नववं मंडल त्या सोमाच्या स्तुतीला वाहिलेलं आहे. तिथे मद ही लाजेची गोष्ट नाही, मागून घ्यायची गोष्ट आहे.

भाषाशास्त्रज्ञ आणखी मागे जातात. लॅटिनमध्ये याच्या नात्यातला एक धातू आहे. त्याचा अर्थ ओलं असणं, भिजणं, आणि दारूनं झिंगणंही. यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. आपणही दारूच्या बैठकीला ‘ओली पार्टी’च म्हणतो. ओल, झिंग आणि आनंद ही तिन्ही एका घरातली. पुढे गोतावळा वाढत गेला. मदिरा, मद्य, मादक, मत्त, उन्मत्त ही सरळ मंडळी. उन्माद वैद्यांच्या पोथीत गेला. प्रमाद म्हणजे भान सुटल्यावर होणारी चूक. मदन म्हणजे कामदेव, आणि मदन म्हणजे मधमाश्यांचं मेणसुद्धा. आपला ‘मेण’ हा शब्द त्या मदनातूनच आला आहे. पिंजऱ्यातली मैनासुद्धा मुळात मदनाच. मध मात्र या घरातला नव्हे. तो मधूपासून आलेला, त्याचं कूळ वेगळं.

आणि माज? तो तर थेट वारस. संस्कृतातला ‘द्य’ प्राकृतात ‘ज्ज’ होतो आणि मराठीत येताना एक ‘ज’ गळून आधीचा स्वर लांबतो. अद्य, अज्ज, आज. विद्युत्, विज्जू, वीज. त्याच वाटेनं मद्य, मज्ज, माज. दुसऱ्या वाटेनं सप्तचं सात झालं, भक्तचं भात झालं, तसं मत्तवरून ‘मातणं’ आलं. श्रावणातल्या कहाण्यांमध्ये वसा घेणाऱ्या बाईला उतण्या-मातण्याबद्दल ताकीद मिळते ना, तेच हे मातणं. त्यातलं उतणं दुधाचं आणि मातणं माणसाचं. दोन्हींत काठ सोडून वर येणं आहे. माजघरातला माज मात्र यांच्यातला नव्हे, तो ‘मध्य’वरून आला आहे. उगीच तिथे कुणाला पकडू नकोस.

गंमत इथे संपत नाही. ‘मस्त’ आपण फारसीतून घेतला. पण फारसीतला मस्त आणि संस्कृतातला मत्त हे एकाच आजीचे नातू, एक इराणात वाढला, एक इकडे. शेकडो वर्षांनी तो चुलतभाऊ घरी परतला आणि आपण त्याला पाहुणा समजून मस्ती, मस्तवाल, मस्तावणं असं नवं बिऱ्हाड थाटून दिलं. हत्तीला मद येतो त्याला उत्तर हिंदुस्थानात माहूत ‘मस्त’ म्हणतात. तोच शब्द इंग्रजांनी उचलला आणि आज जगभरच्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत तो आहे. केरळातल्या माहुतांनी मात्र जुना शब्द सोडला नाही. ते त्या काळाला ‘मदप्पाडु’ म्हणतात.

आता हत्तीकडे येते, कारण या शब्दाचं खरं सिंहासन हत्तीच्या गंडस्थळावर आहे. तुला शरीरशास्त्र मी काय सांगावं! डोळा आणि कान यांच्या मध्ये, दोन्ही बाजूंना एकेक ग्रंथी. वयात आलेल्या नराला वर्षातून काही आठवडे, कधी काही महिने, तिथून दाट काळपट स्राव गळतो. गालावर ओघळ दिसतो. लघवी थेंब थेंब गळून मागचे पाय ओले राहतात. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन अनेक पटींनी चढतं. खाण्यावरचं लक्ष उडतं, अंग झडतं, आणि एरवी कान धरून फिरवावा असा हत्ती माहुतालाही ओळखेनासा होतो. पण ही निव्वळ समागमाची वेळ म्हणावी तर तसंही नाही. मद नसतानाही नराला संग करता येतो, आणि कळपातल्या सगळ्या नरांना एकाच मोसमात मद येत नाही. ज्याची त्याची वेळ वेगळी. एक गोष्ट मात्र तुझ्या गोठ्यासारखीच आहे. खंगलेल्या हत्तीला मद येत नाही. म्हणून तर जुने माहूत मस्त हत्तीचा चारा तोडत.

आमच्या कवींनी हे सगळं जवळून पाहिलेलं होतं. अमरकोशात गळत्या हत्तीला ‘प्रभिन्न’ म्हटलंय, म्हणजे फुटलेला, आणि मद ओसरलेल्याला ‘निर्मद’. रघुवंशात शरद ऋतूचं वर्णन आहे. रघूच्या हत्तींना सप्तपर्णाच्या फुलांचा वास येतो. तो वास मदासारखा, म्हणून जणू ईर्ष्येनं ते हत्ती सात जागांतून गळू लागतात. टीकाकार त्या सात जागा मोजून दाखवतात: सोंडेच्या दोन नाकपुड्या, दोन गंडस्थळं, दोन डोळे आणि जननेंद्रिय. शिकवताना ही शेवटची जागा मी घाईघाईनं ओलांडायची. पण गंमत बघ. आफ्रिकन हत्तीला मद येतच नाही, असं शास्त्रज्ञ विसाव्या शतकात बराच काळ धरून चालले होते, कारण तिथे नर-मादी दोघांच्याही गालांवर ओघळ दिसतात. केनियातल्या अंबोसेलीत जॉइस पूल आणि सिंथिया मॉस यांना लघवी गळणारे नर दिसले, तेव्हा आधी त्यांनाही तो आजार वाटला. मग वर्षानुवर्षांच्या नोंदी जुळल्या आणि 1981 साली त्यांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं की हा मदच आहे. जी खूण मी वर्गात लाजून गाळत होते, तिनंच गाठ सोडवली.

भुंग्यांचंही तसंच. संस्कृत काव्यात हत्ती आला की त्याच्या गंडस्थळावर भुंगे आलेच. मी मुलींना सांगायची, हा कविसंकेत, खरं मानू नका. प्रत्यक्षात मस्त हत्तीचा वास नाक धरायला लावणारा असतो. पण 2002 साली बेट्स रॅस्मुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध आला. त्या सहकाऱ्यांत तमिळनाडूच्या जंगलांत हत्तींवर उपचार करण्यात आयुष्य घालवलेले डॉक्टर कृष्णमूर्तीही होते. त्यांनी दाखवलं की कोवळ्या नराला पहिल्यांदा मद येतो तेव्हा तो मधासारखा गोड वासाचा असतो. वय वाढतं तसा तो उग्र होत जातो. तो गोड वास मोठ्या नरांना सांगतो, मी लहान आहे, माझ्याशी भांडू नका. म्हणजे भुंगे कवीच्या डोक्यात जन्मले नव्हते. कुणीतरी कोवळ्या हत्तीजवळ उभं राहून ते पाहिलं होतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सातवीण आहे, तीच सप्तपर्णी. सध्या तिला फुलांचे गेंद लागलेत. दिवसा काही कळत नाही. रात्री नवाच्या पुढे वास असा उतरतो की शेजारच्या बाई खिडक्या लावून घेतात. त्यांचं डोकं दुखतं. मी गॅलरीत बसते. कालिदासाला हाच वास हत्तीचा वाटला होता. मेघदूतात यक्ष ढगाला सांगतो की पुढे रेवा लागेल, तिचं पाणी रानहत्तींच्या मदानं वासलेलं असेल, ते पिऊन घे. तो यक्ष जिथून बोलतो तो रामगिरी म्हणजे आपल्या नागपूरजवळचं रामटेक, असं मिराशींनी मांडलं. आमच्या गल्लीत ते रानहत्ती कुठले! वासापुरती ही सातवीण उरली आहे.

या मदाला संस्कृतात आणखी एक नाव आहे, आणि ते मला सगळ्यांत आवडतं: दान. हत्तीचा गळता मद म्हणजे दान, आणि देणं म्हणजेही दान. सोंडेला म्हणतात कर, म्हणजे हात. हत्ती या शब्दातच हस्त आहे. राजा दान देताना हातावर पाणी सोडायचा. मग कवींना श्लेषाची मेजवानीच. दानानं ज्याचा कर सदा ओला आहे, तो राजा की हत्ती? आपण अजूनही एखाद्या गोष्टीवरचा हक्क सोडला की त्यावर ‘पाणी सोडलं’ म्हणतो. म्हणजे आत मावेना म्हणून बाहेर वाहिलं, त्यालाच कुणीतरी देणं म्हटलं. हा विचार लक्षात ठेव, मला शेवटी लागणार आहे.

मग हर्षाचा गुन्हा कधी झाला? महाभारतात एक गोष्ट आहे. च्यवन ऋषींना अश्विनीकुमारांनी पुन्हा तरुण केलं. उपकार फेडायला च्यवनांनी त्यांना यज्ञात सोमाचा वाटा द्यायचं ठरवलं. इंद्र म्हणाला, हे वैद्य, माणसांत फिरतात, औषधं देत हिंडतात, यांना सोम कसा? आणि त्यानं वज्र उचललं. च्यवनांनी त्याचा हात तिथेच थिजवला आणि होमातून एक राक्षस काढला. एक जबडा जमिनीला, दुसरा आभाळाला. त्याचं नाव मद. इंद्र शरण आला, वैद्यांना वाटा मिळाला, आणि मग त्या मदाचं काय करायचं म्हणून च्यवनांनी त्याचे चार तुकडे केले: दारू, स्त्रिया, फासे आणि शिकार. लोक ही गोष्ट व्यसनांची म्हणून सांगतात. मी ती आज तुझ्यासाठी वेगळी वाचते. नंबर कुणाचा, यावरून ते भांडण होतं. डॉक्टरांना पंगतीत बसू द्यायचं नव्हतं. आणि मद उभा राहिला तो वज्र उचलणाऱ्याला गिळायला.

कौटिल्यानं राजाचे सहा शत्रू सांगितले, तेही आपल्या षड्रिपूंहून जरा निराळे. काम, क्रोध, लोभ, मान, मद, हर्ष. तुझं नावही आहे बघ यादीत. मोह आणि मत्सर यांनी पुढे मान आणि हर्ष यांच्या जागा घेतल्या. पण कौटिल्य मान आणि मद वेगळे धरतो, ते मला फार मोलाचं वाटतं. मानानं बुडाले ते रावण आणि दुर्योधन. हाती आलेलं त्यांना सोडवेना. मदानं बुडाले ते डंभोद्भव आणि सहस्रार्जुन. डंभोद्भव राजा ‘माझ्याशी लढेल असा कोण आहे’ विचारत जगभर फिरायचा. शेवटी नर ऋषींनी मूठभर गवताच्या काड्यांनी त्याची उतरवली. कौटिल्य त्याला एक विशेषण लावतो, ‘भूतावमानी’, म्हणजे जीवांना तुच्छ लेखणारा. झाली की व्याख्या! ताठ उभं राहणं हा मद नव्हे. समोरच्याला तुच्छ लेखणं हा मद. आता त्या दिवशीच्या अंगणात ही मोजपट्टी लावून बघ. नंबरानं घेऊ म्हणणारी भूतावमानी, की सहा जनावरं ओलांडून पुढे येऊ बघणारा?

बौद्धांनी तारुण्याचा, आरोग्याचा आणि जगण्याचा असे तीन मद सांगितले. तीनही असे की ते चढलेत हे अंगात ताकद असेपर्यंत कळत नाही. जैनांनी आठ मोजले. त्यांत कुळाचा, जातीचा, बळाचा आहेच, पण तपाचा आणि ज्ञानाचाही आहे. आता माझी पाळी.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी दहावीला भर्तृहरी शिकवत होते. नीतिशतकातला तो श्लोक: थोडंसं कळत होतं तेव्हा मी हत्तीसारखा मदांध होतो, सगळंच आपल्याला येतं असं वाटायचं, जाणत्यांजवळ बसून थोडं थोडं शिकलो तेव्हा आपण मूर्ख आहोत हे कळलं आणि तो मद ज्वरासारखा उतरला. चाचणीत ‘मदांध’चा अर्थ विचारला. एका मुलानं लिहिलं, ‘मद म्हणजे माज. मदांध म्हणजे माजानं आंधळा झालेला.’ मी लाल पेन्सिलीनं ‘माज’वर काट मारली आणि समासात लिहिलं, ‘ग्राम्य!’ तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी उत्तर वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाले, ‘गोठा घरी ठेवून येत जा.’ वर्ग हसला. मलाही बरं वाटलं. त्याच्या घरी चार म्हशी होत्या. शाळेला येण्याआधी तो धारा काढून यायचा, हे मला माहीत होतं. त्याला दोन गुण मिळाले असते, मी शून्य दिलं. पुढच्या सत्रात त्यानं संस्कृत सोडलं.

निवृत्तीनंतर वाचनालयात टर्नरचा तौलनिक कोश हाताशी आला, 1966 साली पुरा झालेला, भारतीय आर्य भाषांतले शब्द मुळापर्यंत नेणारा. दुसरंच काही शोधत होते. ‘मद’च्या जवळपास आले आणि तिथे आपला माज बसलेला. मी ते पान किती वेळ उघडं ठेवलं, मला सांगता येणार नाही. तो मुलगा बरोबर होता. नुसता बरोबर नव्हता, वर्गात त्याच्याइतकं अचूक उत्तर कुणीच दिलं नव्हतं. बाकीच्यांनी ‘गर्व’ लिहिलं, ते गाईडातलं होतं. त्यानं लिहिलं ते पहाटे गोठ्यात दिसणारं होतं. आणि ज्या श्लोकानं मला सावध करायचं, तो फळ्यावर लिहून मी त्याच श्लोकातला हत्ती झाले होते.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात फिरते आहे. शब्द एकाच कुळातले, पण पत्ते दोन. हत्तीचा तो मद. राजाच्या दारात झुलणारा, कवींनी आळवलेला, नराचा. गोठ्यातला तो माज. गाईम्हशींचा, मादीचा, प्राकृत तोंडचा. म्हणून मोठ्या माणसाला ‘माज आलाय’ असं सहसा समोर कुणी म्हणत नाही; त्याचा रुबाब असतो, दरारा असतो, फार तर अहंकार असतो. माज येतो तो नोकराला, सुनेला, मजूर बाईला, नुकतं शिकलेल्या पोराला, पगार सुरू झालेल्या मुलीला. ‘खायला मिळालं की माजतात’ हे वाक्य ज्या ताटांबद्दल बोललं जातं, ती आधी किती वर्षं रिकामी होती, हे बोलणारा कधी सांगत नाही. तूच मला शिकवलंस ना, उपाशी जनावराला माज येत नाही म्हणून? मग ज्यांना तो दिसला की पोटात दुखतं, त्यांना नक्की काय बघवत नाही, याचं उत्तर त्यातच आहे.

आपल्या कोल्हापुरातली साठमारीची जागा तू लहानपणापासून बघतेस. शाहू महाराजांच्या काळी, बडोद्याच्या धर्तीवर, तिथे मस्त हत्तीशी माणसं खेळायची. साठमार त्याला डिवचायचे आणि हत्ती अंगावर आला की भिंतीतल्या अशा फटीतून निसटायचे की माणूस जाईल, हत्ती अडेल. आता हत्ती गेले. शब्द मात्र वर्तमानपत्रात रोज असतो, सत्तेची साठमारी म्हणून. मला वाटतं, ‘माज आलाय’ म्हणणं हीसुद्धा साठमारीच. डिवचायचं, समोरचं चवताळलं की फटीतून बाहेर, आणि मग बघणाऱ्यांना सांगायचं, बघा, मी म्हटलं नव्हतं? तू चवताळली नाहीस. वहीत नोंद केलीस. बरं केलंस.

पण हसणाऱ्या त्या दहा-बारा जणांचं काय? त्यांच्यासाठी एक खरी हकिकत सांगते. दक्षिण आफ्रिकेत क्रूगरच्या जंगलात हत्तींची संख्या कमी करण्यासाठी मोठे हत्ती मारले गेले. उरलेली पोरकी पिल्लं पिलानेसबर्गच्या राखीव जंगलात सोडली. तिथे एकही मोठा नर नव्हता. ती पोरं वाढली, वेळेच्या फार आधी मदावर आली आणि महिनोन्‌महिने मदातच राहिली. 1992 ते 1997 या काळात त्यांनी चाळीसहून अधिक पांढरे गेंडे मारले. मग 1998 साली क्रूगरमधून सहा वयस्कर नर आणून सोडले. गेंड्यांचं मरण थांबलं. म्हाताऱ्यांनी काय केलं? मारझोड नाही, उपदेश नाही. ते तिथे होते. मोठा नर समोर उभा राहिला की कोवळ्याचा मद आपसूक ओसरतो. तुझ्या अंगणात पांढऱ्या मिशांची माणसं होती, हर्षदा. त्यांतल्या एकानं नुसतं म्हटलं असतं, ‘नंबर हाय बाबा,’ तर पुरे होतं. ती हसली. मीही त्या दिवशी वर्गातली सगळ्यांत वयस्कर होते आणि मीच हसवलं.

आता ते दान. ज्ञानेश्वरीच्या सुरुवातीला गणपतीचं रूपक आहे, सबंध वाङ्मयाचा हत्ती उभा केलेला. त्यात हत्तीचं सगळं काही येतं आणि मदही येतो. पण ज्ञानदेवांच्या गणपतीच्या गंडस्थळातून पाझरतो तो बोधाचा मद, आणि त्यावर येणारे भुंगे म्हणजे मुनी. याच देवाच्या एकदंत अवताराकडून मुद्गल पुराण मदासुराला हरवतं, आणि इथे ज्ञानदेव मद त्याच्याच गालावर ठेवतात, अमृत करून. मला त्यात विरोध दिसत नाही. ज्ञानाचा जो मद माझ्या डोक्यात साचला, त्यानं एका मुलाचं संस्कृत तोडलं. तोच वाहता असता तर कुणाला तरी प्यायला मिळाला असता.

आणि तुझी आजी. गावच्या सोसायटीचा हिशोब जुळेना की दादा, म्हणजे तुझे आजोबा, वह्या घरी आणायचे. आई ताक घुसळता घुसळता ऐकायची आणि म्हणायची, ‘वैशाखातली बाकी दोनदा धरलीय.’ चूक तिथेच असायची. सही दादांची व्हायची. बरोबर निघाल्यावर ती एकदाच रवी थांबवायची आणि पुन्हा घुसळायला लागायची. तेवढा तो एक क्षण. त्याला काय म्हणायचं, हे मला इतकी वर्षं कळत नव्हतं. परवा तुझा फोन ठेवला, गॅलरीत सातवीणीचा वास उतरला होता, आणि बॅटरीच्या उजेडातली ती काचेची तार आठवली. मुका माज. आत सगळं वेळेवर चाललेलं होतं, बघणाऱ्यांचं लक्ष नव्हतं.

तेव्हा कुणी पुन्हा म्हणालं तर मनाला लावून घेऊ नकोस. धातुपाठ काढून बघ; त्यात तुझंच नाव लिहिलंय. फक्त नंबरातल्या सातव्या म्हशीच्या मालकिणीशी बोलताना आवाज चढला, तर कौटिल्याचा तो एक शब्द आठव. तेवढी एकच भीती बाळगण्यासारखी आहे.

त्या मुलाचे दोन गुण माझ्याकडे थकले आहेत. तो आता चाळिशीकडे आला असेल, त्याच्याकडे म्हशी असतील-नसतील. तुझ्या दवाखान्याच्या नंबरात कधी उभा राहिला तर तुला कळणार नाही आणि मलाही नाही. म्हणून एक कर. वहीत ‘माजावर आहे’ लिहिताना अक्षर जरा मोठं काढत जा.

तुझी,
आत्या

ता. क. राधानगरीच्या म्हातारीची म्हैस गाभण राहिली का, ते फोनवर सांगायला विसरलीस.